सहा सूत, आठ सूत

यवतमाळात आमचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं. विसाव्या वर्षी मी त्यांच्या शेजारी काउंटरवर उभा राहिलो आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथेच बसतो, एवढाच काय तो फरक.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात एक बाई आपल्या छोट्या गाडीतून उतरून दुकानात आल्या. साठीच्या आसपासच्या, केस पांढरे आणि आखूड कापलेले, उजवा पाय किंचित ओढत चालणाऱ्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"हे असंच दुसरं हवंय," त्या म्हणाल्या.

कागद उलगडला तर आत ब्रेकचा मास्टर सिलेंडर निघाला. पेडल दाबलं की या नळ्यातला दट्ट्या तेल ढकलतो, ते तेल चारी चाकांशी पोहोचतं आणि गाडी थांबते. नळा गंजलेला होता, रबर कुजलं होतं. गाडी कोणती म्हणून विचारलं, तर त्यांनी जे नाव घेतलं ते ऐकून मी मान वर केली. जुनी विलायती दोन सीटची स्पोर्ट्स कार. अशी गाडी यवतमाळात एकच होती. हिरवी, बिनछपराची आणि इतकी ठेंगणी की ती चौकातून गेली की आम्ही पोरं सायकली थांबवून खाली वाकून बघायचो.

"जिनिंगवाल्या शेठची ना ती?"

"मी त्यांची मुलगी."

ताई अमरावतीला कॉलेजात शिकवायच्या. निवृत्त होऊन वडिलांच्या रिकाम्या बंगल्यात राहायला आल्या होत्या. शेठ जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाडी मात्र गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली तशीच होती.

"बाबांनी मला ती कधी चालवू दिली नाही," त्या म्हणाल्या. "एकदा चालवून बघायची आहे. इंजिन सुरू झालंय. मिस्त्री म्हणतो, ब्रेकचं हे एवढं मिळालं की झालं."

मी रॉकेलच्या फडक्याने सिलेंडर पुसला. बोल्ट बसायच्या कानापाशी घाण निघाली आणि खाली कानशीने ओढलेली बारीक फुली दिसली. मला हसू आलं. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक मालावर आम्ही खूण करायचो. माल परत आला तर आपलाच आहे का, हे कळावं म्हणून. वडील एक उभी रेघ ओढायचे. मी दुकानात आलो तेव्हा आपली खूण वेगळी असावी म्हणून फुली सुरू केली होती.

"ताई, हा आमच्याच दुकानातला आहे. माझ्या हातचा."

"मग तर काळजीच मिटली," त्या म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं.

नवा शोधायची गरज नव्हती. आतून नळा चांगला होता. घासून साफ केला, रबराचं नवं किट टाकलं आणि दोन दिवसांनी मी स्वतःच मिस्त्रीबरोबर बंगल्यावर गेलो. खरं सांगायचं तर गाडी जवळून बघायची होती. सिलेंडर बसवला, तेल भरलं, चारी चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. ताई आत बसल्या, गाडी सुरू केली आणि कंपाउंडमध्ये हळूच पुढे नेली.

फाटकापाशी त्यांनी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली, पण थांबली नाही. फाटकाला टेकून मगच थांबली. बंपरचा आवाज झाला आणि ताई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तशाच बसून राहिल्या.

मी म्हणालो, "ताई, पायात जोर कमी पडतोय तुमच्या."

हे वाक्य मी सहज बोललो. त्यांच्या पायाकडे बघत बोललो, हे जास्त वाईट.

"जोर कमी नाही पडत," त्या शांतपणे म्हणाल्या. "पेडल दगडासारखं आहे. बसा तुम्ही, बघा."

मी बसलो. पेडल दाबलं. ते दोन बोटं खाली गेलं आणि थांबलं. खाली दगड असावा तसं. आता ब्रेक बिघडला की पेडल मऊ पडतं, फसकन खाली जातं, हे कुणालाही माहीत असतं. पेडल कडक म्हणजे ब्रेक उत्तम, असंच आम्ही आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. इथे पेडल कडक होतं आणि गाडी थांबत नव्हती. मिस्त्रीने चारी चाकं उघडली. सगळं ठीक होतं. पुन्हा बसवून मी गाडी चालवली, अंगाचा सगळा भार टाकून पाय दाबला, तेव्हा कुठे ती थांबली.

मी उतरलो तेव्हा ताई पायरीवर बसल्या होत्या. चेहरा उतरलेला.

"दगडासारखं. हा शब्द मी आधी ऐकलाय," त्या म्हणाल्या. "आमच्या ड्रायव्हरकाकांच्या तोंडून. दवाखान्यात."

मग त्यांनी ते सगळं सांगितलं. त्या एम.ए. करत होत्या. सुटीत घरी आल्या होत्या आणि ड्रायव्हरकाका त्यांना या गाडीतून आर्णीला मैत्रिणीच्या घरी नेत होते. दुपारची वेळ. उताराच्या खाली वळणावर वावरातून कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांनी भरलेली बैलगाडी एकदम रस्त्यावर आली. गाडी थांबली नाही. काकांनी स्टिअरिंग फिरवलं, बैलगाडी वाचली आणि मोटार शेताच्या धुऱ्यावर, बांधावर आदळली. ताईंचा उजवा गुडघा डॅशबोर्डखाली चिरडला.

"काका सारखे म्हणत होते, पेडल दगडावानी झालतं, साहेब, म्या दोन्ही पाय ठेवलते. बाबा म्हणाले, पेडल कडक होतं म्हणजे ब्रेक होता. तू दाबलाच नाहीस. झोपला होतास, नाहीतर पिऊन होतास."

"आणि तुम्ही?"

ताईंनी गुडघ्यावर हात ठेवला.

"माझे डोळे मिटलेले होते. मला काही दिसलं नव्हतं. पण बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, लागली असेल डुलकी. मला फार दुखत होतं, कुणावर तरी राग काढायचा होता. त्याच दिवशी बाबांनी त्यांना काढून टाकलं."

"सिलेंडर केव्हा बदलला होता? अपघाताच्या आधी?"

"आठवडाभर आधी असेल. काकांनीच सांगितलं होतं बाबांना, नवा पार्ट टाकल्यापासून पेडल जड झालंय म्हणून. बाबा म्हणाले, नवा आहे, सैल होईल."

तिथे उभं असताना मला ती दुपार आठवली. त्याआधी कधी आठवली नव्हती. दिवसाला पन्नास गिऱ्हाइकं येतात, कोण लक्षात ठेवतो. वडील माल आणायला नागपूरला गेले होते. एक मिस्त्री घाईघाईने आला, हातात तेल गळणारा छोटा सिलेंडर. शेठची गाडी उभी आहे, उद्या पाहिजे, म्हणाला. तसा आमच्याकडे नव्हता, मुंबईहून मागवला असता तर महिना गेला असता. मी फळ्या धुंडाळल्या आणि मालवाहू गाडीचा एक सिलेंडर काढला. कान जुळत होते, भोकांचं अंतर जुळत होतं, तेलाच्या नळीचे आटेही जुळत होते. फक्त आतलं भोक मोठं होतं. मिस्त्रीने विचारलं, चालेल का? मी म्हणालो, "चालते ना! उलट हा मोठा आहे, ब्रेक अजून जोरात लागेल." मग ऐटीत त्यावर फुली ओढली.

मोठा म्हणजे जोरदार, असं मला विसाव्या वर्षी वाटलं होतं. प्रत्यक्षात उलटं असतं. दट्ट्या जेवढा जाड, तेवढा पायाचा जोर पसरतो आणि तेलाला मिळणारा दाब कमी होतो. पायाला सगळं घट्ट लागतं आणि चाकापर्यंत काही पोहोचत नाही. हे मी पुढे दोन-चार वर्षांत शिकलो. तोवर तो सिलेंडर मी विसरून गेलो होतो.

ताईंना मी त्या दिवशी यातलं काहीच सांगितलं नाही. "हा सिलेंडर या गाडीचा नाही, खरा कोणता ते शोधावं लागेल," एवढंच बोललो आणि दुकानात परत आलो.

शोधायला लागलो तर एकेक अडचण निघत गेली. पेडलांच्या वर दोन सिलेंडर शेजारी शेजारी बसतात, एक ब्रेकचा, एक क्लचचा. क्लचचा मूळचाच होता. मला वाटलं, त्याच्यावरून माप घेऊ. विलायतेत जुन्या गाड्यांचे भाग विकणारा एक म्हातारा मला इंटरनेटवर सापडला होता. त्याला फोटो पाठवला तर त्याने लगेच कळवलं, तसं करू नका. बाहेरून दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात, आतलं माप वेगळं. शिवाय ही गाडी दोन प्रकारांत आली. आधीची वेगळी, नंतरची वेगळी, दोन्हींचे सिलेंडर वेगळे. कोणत्या प्रकारची ते गाडीवरच्या कारखान्याच्या नंबरपट्टीवरून कळलं असतं. पट्टी अपघातानंतर पत्रा बदलला तेव्हाच गेली होती; त्यानंतर गाडी ताडपत्रीखालीच होती. चाकांवरूनही ठरत नव्हतं, कारण शेठने अपघाताआधीच कधीतरी पुढची चाकं ब्रेकसकट बदलली होती. म्हाताऱ्याने शेवटी लिहिलं की मूळ सिलेंडरच्या अंगावर ओतीव आकडे असतात, ते मिळाले तर मी खात्रीने सांगेन. अंदाजाने ब्रेक विकत नाही.

ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

मूळ सिलेंडरचं काय झालं हे एकाच माणसाला माहीत असण्याची शक्यता होती. ताईंना फोन केला.

"फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावर राहतात काका," त्या म्हणाल्या. "मला पत्ता माहीत आहे. छत्तीस वर्षं माहीत आहे."

आम्ही त्यांच्या रोजच्या गाडीतून निघालो. महागाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, सोयाबीन निघून गेलेली वावरं हरभऱ्याने हिरवी झाली होती. तांड्याच्या तोंडाशी एका बाईला विचारलं, मोटार चालवायचे ते काका कुठे राहतात? तिने हात केला आणि हसून म्हणाली, "थो झोप्या डायवर? थे निळं दार."

ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

काका अंगणात बाजेवर बसून दोरी वळत होते. अठ्ठ्याहत्तरच्या आसपास वय, अंग काटक, डोक्याला पांढरा रुमाल. ताईंची चाल पाहिली आणि ते उठून उभे राहिले.

"ताई, तुमी? काहून आल्या इतक्या दूर? फोन कराचा ना, म्या आलो असतो."

त्यांच्या बायकोने पाणी आणलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. तांब्या देताना काकूंनी ताईंच्या गुडघ्याकडे एकदा बघून घेतलं.

मी गाडीचं सांगितलं. मूळ सिलेंडर कुठे गेला असेल, असं विचारलं. काका घरात गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. कपड्यांखालून त्यांनी एक पुडकं काढलं. आत ग्रीस लावलेला, गंजाचा डागसुद्धा नसलेला छोटा सिलेंडर होता.

"डिक्कीत पडून होता. साहेबाईनं जा म्हणलं त्या दिवशी म्या हा उचलून आणला," ते म्हणाले. "चोरी म्हना तं चोरी. पन मले वाटे का कोनी तरी एक दिवस इचारन. जुन्यावर पाय ठेवला का गाडी उभी राहे. नवीन टाकला अन् पाय मानेना. याच्यातच काई तरी हाय, एवढं मले समजे. काय हाय थे सांगता नाई ये. म्हनून ठेवला."

"छत्तीस वर्षं?" ताई म्हणाल्या.

"दर दिवाळीले पुसतो."

मी व्हर्नियर काढून आतलं भोक मोजलं. आमच्या धंद्यात इंचाचे आठ भाग धरतात, प्रत्येक भागाला सूत म्हणतात. काकांचा सिलेंडर सहा सुताचा निघाला, पाऊण इंच. मी दिलेला आठ सुताचा, पूर्ण एक इंच. ऐकायला दोन सुतांचा फरक, पण दट्ट्याच्या तोंडाचा विचार केला तर जवळजवळ दुप्पट. म्हणजे तेवढ्याच ब्रेकसाठी काकांना जवळजवळ दुप्पट जोर लावावा लागत होता. अंगावरचे आकडे खडू घासून वाचले, फोटो काढला. कामाचं सगळं झालं होतं. चहा आला होता. उठून निघता आलं असतं.

मी कप खाली ठेवला.

"काका, तो मोठा सिलेंडर मी दिला होता. दुकानात वडील नव्हते. मापाचा नाही हे मला दिसत होतं. मोठा आहे तर बरं, असं म्हणून मी दिला. तुम्ही झोपला नव्हता. तुम्ही दोन्ही पाय ठेवले असणार. माझ्यामुळे गाडी थांबली नाही."

सून दारात थबकली. काकांनी दोरीचा पीळ सोडला, पुन्हा घातला.

"तुमचं वय काय होतं तवा?"

"वीस."

"हं." काका रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाले, "त्याच्यानंतर मले कोनी गाडी देल्ली नाई, भाऊ. यवतमाळात नाई, पुसदात नाई. झोपते म्हनत. ऊस तोडाले गेलो, बारा वर्स. वावर घेतलं, पोरं मोठी केली, सारं झालं. पन डायवर होतो मी."

ताई रडत होत्या. त्या म्हणाल्या, "काका, मी बाबांना म्हटलं होतं, तुम्हाला डुलकी लागली असेल. मी काही बघितलं नव्हतं."

"मले मालूम हाय," काका म्हणाले. "साहेबाईनं सांगतलं होतं मले. तुमी तं तवा पोरगी होत्या. पाय तुटलेला."

मग ते माझ्याकडे वळले. "तुमी मले सांगतलं, बरं केलं. पन मले तं आधीच माईत होतं का म्या झोपलो नाई. मले कायले सांगता? यायले सांगा." त्यांनी हाताने सगळा तांडा दाखवला. "पुढच्या ऐतवारी या. ऐतवारी सारे घरी असतात."

परतताना आर्णीपाशी ताईंनी गाडी हळू केली. मग म्हणाल्या, "माझा गुडघाही त्यातच गेला."

"हो," मी म्हणालो.

"मला आज तुमच्याशी बोलायचं नाहीये."

दुकानापाशी मला सोडून त्या निघून गेल्या.

तो आठवडा वाईट गेला. जाऊ नये असंही मनात आलं. आपण काही मुद्दाम केलं नव्हतं, एवढ्या जुन्या गोष्टीसाठी परक्या गावात जाऊन चारचौघांत उभं राहायचं कशाला, असं स्वतःला समजावत होतो. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू सांगशील सिलेंडर, दट्ट्या, सूत. त्यांना कळणार काय? तोंडी सांगून नाही चालायचं." म्हणून मी मेडिकलमधून इंजेक्शनच्या सुया काढलेल्या पिचकाऱ्या आणल्या, एक बारीक, एक जाड, एक मधली. सलाइनची नळी आणली. घरी पाणी भरून करून बघितलं.

रविवारी बंगल्यासमोर ताईंची गाडी उभी होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी दार उघडलं.

तांड्यावर लिंबाखाली पंचवीस-तीस माणसं जमली होती. तांड्याचा प्रमुख, नायक, खुर्चीवर, बाकीचे ओट्यावर, बाया एका बाजूला. काका धुतलेला सदरा घालून उभे होते. मी जे काकांना सांगितलं होतं तेच सगळ्यांना सांगितलं. मग मधली पिचकारी नळीच्या एका टोकाला लावली, दुसऱ्या टोकाला बारीक. नायकाला म्हटलं, ही मधली धरा, तिचा दांडा अंगठ्याने दाबून ठेवा, हलू देऊ नका. एका बाईला बारीक पिचकारी दाबायला सांगितलं. तिने दाबली आणि नायकाचा अंगठा मागे सरकला. लोक हसले.

"आता ही जाड, मी दिलेल्या सिलेंडरसारखी." मी पिचकारी बदलली. तीच बाई दाबू लागली. नायकाचा अंगठा जागचा हलेना. तिने दोन्ही हात लावले.

"याच्यात काई अडकलं का?" तिने विचारलं.

"काही नाही. ही अशीच असते."

मग प्रत्येकाला करून बघायचं होतं. म्हातारे उठून आले, एकमेकांचे अंगठे पणाला लावू लागले. गलका झाला. एक जण म्हणाला, "हे तं खरंच दगडावानी लागते, बे." ते ऐकून मागे उभ्या असलेल्या काकू पुढे आल्या. त्यांनी जाड पिचकारी हातात घेतली, दाबली, पुन्हा दाबली. मग ती माझ्या हातात परत दिली आणि सगळ्यांकडे तोंड करून त्यांच्या बोलीत चार वाक्यं बोलल्या. मला कळली नाहीत. पण गलका थांबला. पहिल्या दिवशी आम्हाला निळं दार दाखवणारी बाई मान खाली घालून पायाने माती उकरत होती.

नायकाने विचारलं, "म्हंजे हा झोपला नवता, नाई प्याला नवता?"

"नाही."

"शेठ हाय का जिता?"

"नाही," ताई म्हणाल्या. "मी आहे. त्यांच्या वतीने मी सांगते. आमची चूक झाली."

एक तरुण शेतकरी म्हणाला, "आता सांगून काय फायदा, भाऊ? गेलं ना त्याईचं सारं." तो बरोबर बोलला होता. काकाच म्हणाले, "फायदा मी पाहीन. तू बस."

विलायतेहून सिलेंडर यायला पाच आठवडे लागले. आकडे जुळले, भोक सहा सूत. मी तो तीनदा मोजला. मिस्त्रीने बसवला त्या दिवशी काका-काकू एस.टी.ने यवतमाळला आले. काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बदललेल्या पत्र्यावरून हात फिरवला, चपला काढल्या आणि आत बसले. ताई शेजारी बसल्या. कंपाउंडमध्ये गाडी जरा वेगात घेऊन त्यांनी अनवाणी पाय पेडलवर टेकवला. गाडी जागच्या जागी थांबली.

"हं," ते म्हणाले. "आता पाय मानते."

ताईंनी त्यांना रस्त्यावर घ्यायला सांगितलं. ते नाही म्हणाले. लायसन नाही, नजरही राहिली नाही. ते उतरून दुसऱ्या बाजूला गेले आणि ताईंना स्टिअरिंगवर बसवलं. क्लच कसा सोडायचा, दुसरा गिअर कुठे अडतो, वळणावर गाडी कशी धरायची, हे त्यांनी शांतपणे, एकेक करून शिकवलं. चौथ्या फेरीला फाटक उघडायला सांगितलं. दोघं बाहेर पडली आणि गाडीचा आवाज बायपासकडे लांब गेला. काकू माझ्याशेजारी पायरीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मले बी बसाचं हाय त्याच्यात. आले का सांगजा त्यायले." अर्ध्या तासाने गाडी परत आली तेव्हा मी सांगितलं. ताईंनी काकूंना आर्णी रस्त्याने थेट अपघाताच्या त्या उतारापर्यंत फिरवून आणलं.

ताई माझ्याशी बोलतात. पूर्वीसारखं मोकळं नाही, पण बोलतात. गाडी त्यांनी विकली नाही.

दुकानात आता कुणी जुना नमुना घेऊन आलं की मी आधी गाडी दाखवा म्हणतो, निदान फोटो तरी. गिऱ्हाइकं वैतागतात, काही दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देतो.

यंदा पेरणीच्या आधी काका दुकानात आले. सोबत तांड्यावरचे एक शेतकरी होते, त्यांच्या ट्रॅक्टरचा ब्रेक गेला होता. काकांनी माझ्याकडे चहा मागितला, स्टुलावर बसले आणि त्या शेतकऱ्याला म्हणाले, "यायच्याचकडून घे. माणूस चांगला हाय." मग काउंटरवरचा व्हर्नियर उचलून त्याच्या हातात दिला. "पन मोजून घे."